चाकं लावलेलं खेळणं

मी ज्या कंपनीत होते ती सोनोग्राफीची मशीनं बनवायची, आणि त्या मशीनांच्या माहितीपुस्तिका लिहिणं हे माझं काम. कोणीही वाचत नाही असं लिहून पोट भरणाऱ्यांत माझा नंबर बराच वर लागेल. दरवर्षी नवं मॉडेल निघायचं आणि दरवर्षी पुस्तिका आणखी जाड व्हायची. मशीन फ्रिजएवढं, खाली चाकं, वर पडदा, मधे इतकी बटणं की त्यांतली निम्मी कशासाठी आहेत हे मला विचारावं लागे. आणि ज्यांना विचारावं ते दुसऱ्या कोणाला तरी विचारून सांगत. मशीन वाईट होतं असं मी म्हणणार नाही. उत्तम होतं. गेल्या वर्षीचंही उत्तमच होतं. यंदा यकृताची कड आणखी रेखीव दिसायची, एवढाच काय तो फरक, आणि त्या कडेसाठी गिऱ्हाइकाचा खिसा आणखी कापला जायचा.

ही सगळी धडपड प्रोफेसरांसाठी चाले. शहरातल्या सर्वांत मोठ्या हॉस्पिटलातल्या सोनोग्राफी विभागाचे ते प्रमुख. ते ज्या मशीनला बरं म्हणतील तेच बाकीची हॉस्पिटलं घेत. एकदा ते सहज बोलून गेले, "तुमच्या चित्रातला काळा रंग पुरेसा काळा नाही हो." झालं. आमच्या इंजिनीअरांचा अख्खा मजला वर्षभर काळ्याला काळं करत बसला. "आम्ही गिऱ्हाइकाचं ऐकतो," असं आमचे मोठे साहेब प्रत्येक भाषणात छाती पुढे काढून सांगत. ऐकत होते हे खरं. एकाच गिऱ्हाइकाचं.

त्या मजल्यावर एक बाई होती, तिला सगळे पाठीमागे चिमटा म्हणत. बारीक भाग उचलायचा चिमटा तिच्या वरच्या खिशात कायम असे आणि दुसरा तिच्या जिभेवर. मशीनचा जो भाग रुग्णाच्या अंगावर फिरवतात, तो प्रोब, बनवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आमचा विक्रीप्रमुख तिचा सख्खा थोरला भाऊ. ती नवीन असताना भर बैठकीत तिच्या तोंडून निघून गेलं, "दादा, तू चुकतोयस." तेव्हापासून अख्खी कंपनी त्याला दादा म्हणायला लागली आणि त्यालाही ते आवडलं. वाक्याचा उरलेला भाग मात्र कोणी लक्षात ठेवला नाही.

दादा दिसायला रुबाबदार होता. बूट असे चकाकत की त्यांत भांग पाडावा. प्रोफेसरांच्या हॉस्पिटलात तो असा चाले जसा काही तिथला जावई. त्याची विक्रीची पोरंही त्याच्याच साच्यातली. लहान दवाखान्याचा फोन आला की ती डोळे फिरवायची आणि "कळवतो" म्हणून ठेवून द्यायची.

चिमटाची नणंद गुरांची डॉक्टर होती. आडदांड, मोठ्या आवाजाची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालणारी. ती एका रविवारी चिमटाच्या घरी जेवायला आली, तेव्हा मीही तिथेच होते. चिमटाने नव्या मॉडेलचं कौतुक सुरू केलं. कौतुक म्हणजे तिच्या पद्धतीचं, अर्ध्या शिव्या घालत. नणंदेने घास खाली ठेवला.

"वहिनी, तुमच्या त्या कपाटाला मी काय करू? गोठ्यात न्यायला तुझे साहेब क्रेन देणार आहेत का?"

"तुला कशाला हवंय ते?"

"अगं, खांद्यापर्यंत हात आत घालून मी अंदाज बांधते. वासरू आहे की नाही, आहे तर जिवंत आहे की नाही. चुकले तर गाय जाते. मला फक्त तेवढं दिसलं तरी पुरे. तुमची ती यकृताची कड गेली खड्ड्यात."

चिमटा ताटातल्या भातात बोटाने रेघा ओढायला लागली. आणि ती गप्प बसली की समजावं, कुठेतरी किडा वळवळायला लागलाय.

पुढचे काही महिने ती ऑफिस सुटल्यावर भंगाराच्या खोलीत दिसायला लागली. चरा पडला म्हणून नापास केलेले प्रोब, जुन्या सर्किटच्या पट्ट्या, उघडलेला मोबाइल. त्यातून तिने तळहातात मावेल अशी वस्तू बनवली. एका टोकाला प्रोब, दुसऱ्या टोकाची वायर मोबाइलमध्ये, आणि चित्र मोबाइलच्याच पडद्यावर. बटणं दोन. एक चालू करायला आणि एक चित्र थांबवायला. "तुझी पुस्तिका एका चिठ्ठीवर मावेल बघ," ती मला म्हणाली. मला बरं वाटलं की राग आला, हे मला आजही सांगता येणार नाही.

आम्ही गोठ्यात गेलो. नणंदेने मोबाइल मनगटाला पट्टीने बांधला, हातात लांब मोजा चढवला आणि कामाला लागली. गाय शांतपणे रवंथ करत होती. तिला आमच्यात काडीचा रस नव्हता. चित्र इतकं गढूळ होतं की मला त्यात ढगांशिवाय काही दिसेना. चिमटाचं तोंड पडलं. वर्षानुवर्षं रेखीव कडा बघितलेल्या बाईला हा राडा बघवत नव्हता. मग त्या ढगांत एक ठिपका लुकलुकायला लागला.

"हे बघ!" नणंद ओरडली. "हृदय! चाललंय टुकटुक!"

"अजून फार कच्चं आहे," चिमटा म्हणाली. "तयार झालं की देते तुला."

"मला तयार नकोय. मला हे हवंय. आजच."

ती वस्तू आम्हाला परत मिळाली नाही. चिमटाला दुसरी बनवावी लागली.

ती दुसरी घेऊन चिमटा बैठकीत गेली. मी कोपऱ्यात टिपणं घेत बसले होते. तिने सरळ सांगितलं, हे मोठ्या मशीनपेक्षा वाईट आहे. आज वाईट आहे. पण ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना हे पुरतं. गुरांचे डॉक्टर, रुग्णवाहिका, एका खोलीचे दवाखाने. आणि ते दरवर्षी सुधारत जाईल.

"म्हणजे आपण आता शेणातून फिरायचं?" दादा म्हणाला, आणि टेबलाभोवती हशा पिकला. साहेब हसले म्हणून बाकीचे हसले आणि बाकीचे हसताहेत हे बघून साहेब आणखी हसले. मग दादाने फळ्यावर हिशेब मांडला. एक मोठं मशीन विकलं की जो नफा सुटतो तेवढा सोडवायला असली खेळणी पोत्याने विकावी लागतील. माझी पोरं त्यापायी बूट का झिजवतील? हिशेबात कुठे चूक नव्हती. हीच त्यातली खरी भयंकर गोष्ट. मूर्ख माणसाला बरोबर हिशेब सापडला की त्याला कोणी हलवू शकत नाही.

तरी साहेबांनी ती वस्तू प्रोफेसरांकडे पाठवली. प्रोफेसरांनी स्वतःच्या पोटावर फिरवून बघितली आणि विचारलं, "हे चित्र आहे की चिखल?" दादाने हा विनोद अख्ख्या कंपनीत वाटला. स्वतःच्या बहिणीवरचा विनोद, पण मिठाई वाटावी तसा वाटला.

पुढे जे झालं ते मी बाहेर कोणाला सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. साहेबांनी एक सल्लागार बोलावला. हा गृहस्थ मात्र हुशार निघाला. त्याने फळ्यावर दोन रेघा काढल्या आणि आम्हाला शेंबड्या पोरालाही कळेल असं समजावलं. एक सुधारणा असते ती आहे त्या गिऱ्हाइकाला आणखी चांगलं देणारी. तुम्ही त्यात तरबेज आहात, म्हणाला. दुसरी असते ती सुरुवातीला फालतू दिसते, स्वस्त असते, तुमचं चांगलं गिऱ्हाईक तिच्याकडे ढुंकून बघत नाही. ती खालून येते, वर चढत जाते आणि एक दिवस तुमच्या पायाखालची सतरंजी ओढते. ती हातात असेल तर तिला वेगळं घर द्या, वेगळं गिऱ्हाईक द्या, आणि तुमच्या मोठ्या गिऱ्हाइकाला तिच्याबद्दल चुकूनही विचारू नका.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तर उभं राहून वाजवल्या. दादाने वहीत लिहून घेतलं. मग चहा झाला, आणि चहानंतर साहेबांनी चिमटाच्या वस्तूसाठी एक खास खोली जाहीर केली. भिंती केशरी आणि पोपटी. खुर्च्यांच्या जागी जमिनीवर फुगीर पिशव्या, ज्यांत बसलेला माणूस दुसऱ्याच्या मदतीशिवाय उठू शकत नाही. दारावर पाटी : नवी दिशा. आणि पहिल्याच आठवड्यात साहेबांनी प्रोफेसरांना फोन करून विचारलं, "यात काय काय असायला हवं, सर?"

प्रोफेसरांना बरंच काही असायला हवं होतं. चित्र स्वच्छ हवं, म्हणून आत सर्किटची मोठी पट्टी आली. पट्टी तापते, म्हणून पंखा आला. मोबाइलचा पडदा त्यांच्या डोळ्यांना लहान, म्हणून वेगळा पडदा आला. रक्ताचा प्रवाह रंगीत दिसायला हवा. काळा रंग काळा हवा. दोन बटणांचा अख्खा फळा झाला. दादा म्हणाला, विकायचंच आहे तर थोडं भारदस्त दिसू द्या, लोक हातात धरायच्या वस्तूला इतके पैसे देत नाहीत. चिमटा प्रत्येक बैठकीत भांडायची आणि प्रत्येक बैठकीत साहेब तिला म्हणायचे, "बाई, तुमच्याच कल्पनेला आम्ही मोठं करतोय." मोठं करत होते यात शंका नव्हती. वजन वाढलं तसं ते हातात धरवेना, म्हणून त्याला दांडा आला. दांडा कलंडायला लागला, म्हणून खाली बूड आलं.

ज्या दिवशी त्याला चाकं लावली त्या दिवशी चिमटाने राजीनामा दिला.

साहेबांच्या खोलीत ती गेली तेव्हा तिला पुस्तिकेचे कागद द्यायला म्हणून मीही मागोमाग होते. तिने एकच मागणी केली. माझी पहिली वस्तू, ती तळहाताएवढी, मला कायद्याने द्या. साहेबांना आधी ती कोणती हेच आठवेना. आठवल्यावर ते शेजारी बसलेल्या दादाकडे बघून मनापासून हसले.

"ते खेळणं? न्या की! दादा, कायदेवाल्यांना सांग, बाईंना सही करून द्या."

दादाने बाहेर तिला गाठलं. "आईला काय सांगणार आहेस? एवढी नोकरी सोडून गोठे धुंडाळत फिरणार?"

"आईला सांग, दादा अजून तिथेच आहे. तिची चिंता मिटेल."

"तुला ना, कायम वाटत आलंय की आम्ही सगळे गाढव आहोत."

"नाही रे," ती म्हणाली. "गाढव ओझं तरी वाहतं."

मी तिच्या पाठोपाठ सहा महिन्यांनी गेले. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. जिन्यात कायम तेलाचा वास, रेलिंगला हात लावला की काळा. पुस्तिका खरंच एका चिठ्ठीवर मावली आणि ती लोक वाचायला लागले, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

पहिली गिऱ्हाइकं नणंदेच्या ओळखीचे गुरांचे डॉक्टर. त्यांचे फोन येत ते शिव्यांनी भरलेले. वायर तुटली, पाणी शिरलं, गायीने लाथ मारली. चिमटा प्रत्येक शिवी लिहून घ्यायची आणि पुढच्या खेपेला ती शिवी कमी करायची. मग रुग्णवाहिकावाले आले. त्यांना रस्त्यात कळायला हवं होतं की पोटात रक्त साचलंय का. चिखलातही तेवढं दिसत होतं. आमच्याकडे बघून आणखी दोन-तीन जणांनी तसंच यंत्र काढलं, आणि त्यामुळे आमचीही झोप उडाली. चित्र सुधारत गेलं. ढग विरळ झाले. एका खोलीचे दवाखाने आले, मग नर्सांना शिकवणाऱ्या शाळा, मग लहान हॉस्पिटलं.

आणि आमची जुनी कंपनी? ती प्रत्येक वेळी मागे सरली आणि प्रत्येक वेळी तिने केक कापला. लहान दवाखान्यांनी मोठं मशीन घेणं थांबवलं तेव्हा दादा म्हणाला, बरं झालं, ती किरकोळ गिऱ्हाइकं तशीही डोकेदुखी होती. लहान हॉस्पिटलं गेली तेव्हा साहेबांनी भाषण केलं की आता आपण फक्त उच्च दर्जावर लक्ष देणार. दर मशीनमागे नफा वाढला होता, हे खरंच होतं. मशीनं कमी झाली होती, हे कोणी मोठ्याने म्हणत नव्हतं. तिथल्या जुन्या मैत्रिणी मला हे सांगायच्या आणि हसता हसता रडकुंडीला यायच्या. चाकं लावलेलं ते मॉडेल एकही खपलं नाही. केशरी-पोपटी खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायला लागले.

मग ते प्रदर्शन आलं. वैद्यकीय उपकरणांचं, मोठ्या हॉलमध्ये. जुन्या कंपनीचा मांडव मधोमध, गालिचा, दिव्यांची आरास. आमचं टेबल स्वच्छतागृहाच्या वाटेवर, पण त्यामुळे प्रत्येक डॉक्टर कधी ना कधी आमच्यासमोरून जायचाच. नव्या मॉडेलचं उद्घाटन प्रोफेसरांच्या हस्ते होतं. चिमटा आणि मी गर्दीत मागे उभ्या राहिलो. खाटेवर एक धडधाकट माणूस सदरा वर करून झोपला होता. दादाने माइकवरून प्रोफेसरांची स्तुती आटोपली, साहेबांनी कळ दाबली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली : नवी आवृत्ती उतरवून घेत आहे, कृपया मशीन बंद करू नका.

सगळे थांबले. दादाने एक विनोद सांगितला. मग दुसरा सांगितला. खाटेवरच्या माणसाला थंडी वाजायला लागली. साहेब एका इंजिनीअरच्या कानात काहीतरी भयंकर बोलत होते.

प्रोफेसरांना थांबायची सवय नव्हती. त्यांच्याभोवती त्यांचे विद्यार्थी होते, आणि विद्यार्थी समोर असले की त्यांना शिकवल्याशिवाय राहवत नसे. त्यांनी डगल्याच्या खिशात हात घातला, आमचं यंत्र काढलं, मोबाइलला जोडलं आणि त्या माणसाच्या पोटावर टेकवून म्हणाले, "हं, तोवर हे बघा. हा यकृताचा उजवा भाग." विद्यार्थी पुढे झुकले. त्यांच्यातल्या दोघांनी आपापल्या खिशातून तसंच काढलं. गर्दी गालिच्यावर चढली. माइक चालूच होता, त्यामुळे प्रोफेसरांचं पुढचं बोलणं अख्ख्या हॉलने ऐकलं : "वॉर्डात हल्ली मी हेच वापरतो. ते मोठं धूड ओढत कोण नेणार?"

मी दादाकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्यामागे कोणी नव्हतं. चिमटा हसली नाही. "चल," म्हणाली, "टेबलावर कोणी नाहीये."

पंधरवड्यात मोठ्या साहेबांनी तिला भेटायला बोलावलं. ती मला सोबत घेऊन गेली. खोलीत आम्ही नोकरीत असतानाचाच सोफा, तोच काचेचा पेला. साहेब म्हणाले, आपण एकाच घरातली माणसं. तुमची कंपनी आम्ही विकत घेतो. तुम्ही परत या, नवी दिशा पुन्हा सुरू करू, तुम्हीच प्रमुख.

"यंत्रात काही बदल करणार?" तिने विचारलं.

"छे, छे! तुमच्या शब्दाबाहेर काही नाही. फक्त प्रोफेसरांच्या एक-दोन सूचना आहेत..."

चिमटा उठून उभी राहिली. "साहेब, तुम्हाला तेव्हा सगळं समजलं होतं. फळ्यावर लिहून दिलं होतं, तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. न समजणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही. तुमची मला किळस येते." आणि खाली येताना जिन्यात ती शांतपणे मला विचारत होती, वायरींचा नवा माल उतरला का.

त्या वर्षअखेरीस जुन्या कंपनीने सोनोग्राफीचा धंदाच मोडीत काढला. साहेबांना निरोपाचं पाकीट मिळालं, बऱ्यापैकी जाड. अख्ख्या मजल्यावरचे इंजिनीअर घरी बसले. काळ्याला काळं करण्यात आयुष्य गेलेली माणसं. त्यांतल्या काहींना आम्ही घेतलं. चांगली माणसं होती, त्यांना कधी कोणी नीट काम दिलं नव्हतं एवढंच.

आणि एका सकाळी दादा आमचा जिना चढून आला. रेलिंगला हात न लावता. मी चहा ठेवला. आत नणंदही बसली होती, गोठ्यातून थेट आलेली, बुटांना शेण, नव्या यंत्रातल्या खोडी काढत.

"मला विक्री येते," दादा म्हणाला. "एवढं तरी तू नाकारणार नाहीस."

"येते," चिमटा म्हणाली. "मोठ्या माणसांना विकता येतं तुला."

"शिकेन मी."

"मघाशी हिच्याशेजारी बसताना तू खुर्ची दूर सरकवलीस, दादा."

त्याने खाली बघितलं. खुर्ची खरंच हातभर बाजूला होती. तो गोरामोरा झाला, मग चिडला. "आणि तू? मी आल्यापासून तू माझ्याकडे कशी बघतेयस ते कळतंय तुला? बहीण असं बघते भावाकडे?"

चिमटाने नजर वळवली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मलाही बघवलं नाही. ती जिंकली होती, पण तुच्छता काही तिच्या अंगातून जात नव्हती. आणि तिला ते माहीत होतं.

शेवटी नणंदच बोलली. तिच्या मनात काही राहत नाही. "अहो दादा, उद्या सकाळी चला माझ्याबरोबर. तीन गोठे आहेत. बूट मी देते. लोक कसे बोलतात, काय मागतात, बघा तर खरं. मग वहिनीशी बोला."

दादा हसला. तेच ते गालिच्यावरचं हसू. "बघतो," म्हणाला. चहा अर्धा ठेवून उठला.

चिमटा दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर जाऊन उभी राहिली होती. मला म्हणाली, सायकलवाल्याशी बोलायचं होतं. नणंदेची गाडी आली, थोडी थांबली, निघून गेली. दादा आला नाही.

आता तो लिफ्ट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत आहे. बरी जागा मिळाली, खाली गाडी असते. आईकडे दोघं कधीतरी एकत्र जेवतात. कोणी पाहुणा विचारतो, बहीण काय करते, तेव्हा दादा सांगतो, "तिचं काहीतरी गुराढोरांचं आहे." चिमटा त्याच्या ताटात भात वाढते आणि दुरुस्त करत नाही.